बारा वर्षांची किटली

विजेच्या किटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सातशे माणसं किटल्या जन्माला घालायची आणि एकटी बाई त्यांना मारायची. पॅकिंगच्या मागे, जिन्याखालच्या बोळातून पुढे गेलं की तिची लांबट खोली लागायची. दारावर 'चाचणी' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुण्या टवाळानं खडूनं 'स्मशान' असं लिहून ठेवलं होतं. बाईनं ते पुसलं नाही. एरवी भिंतीवर बोटाचा डाग दिसला तरी ओलं फडकं घेऊन धावणारी ती, पण याबाबतीत म्हणायची, "खोटं काय आहे त्यात?"

तिला सगळे किटलीताई म्हणत. मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची ती ताईच.

काम साधं होतं, पण ऐकणाऱ्याला पटायला वेळ लागे. स्टीलच्या लांब ओट्यावर बारा किटल्या ओळीनं मांडलेल्या. वरून नळी पाणी सोडायची, किटली उकळायची, खटका पडायचा, मग एक लोखंडी दांडा तिला कलती करायचा आणि पाणी खालच्या पन्हळीत जायचं. की पुन्हा नळी. प्रत्येकीसमोर आकडा पुढे सरकवणारं एक छोटं यंत्र. दिवसाला चाळीस उकळ्या. घरात माणसं दिवसातून चार वेळा पाणी उकळतात असं धरलं, तर ताईच्या खोलीतला एक दिवस म्हणजे बाहेरच्या जगातले दहा दिवस. किटली मरेपर्यंत हे चालायचं. मेली की ताई वहीत लिहायची, इतक्या उकळ्या झाल्या, अमुक कारणानं गेली. बहुतेक सगळ्या साडेसतरा हजारांच्या आसपास जायच्या. दिवसाला चारच्या हिशेबानं बारा वर्षं. म्हणून कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक खोक्यावर 'आयुष्य बारा वर्षं' असं छापलेलं असे, आणि तो आकडा ताईच्या सहीवर उभा होता.

तिचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ते म्हणत, "एकतीस वर्षं नोकरी, रोजचे दहा दिवस. म्हणजे तीनशे दहा वर्षं झाली तुला तिथे. तरी केस काळे कसे गं?"

"रंगवते म्हणून," ताई म्हणायची. "आणि तुमचे उरलेत कुठे विचारायला?"

बाई जात्याच टापटिपीची. खांद्यावर फडकं, कमरेला किल्ल्या, आणि उघडं राहिलेलं दार दिसलं की तोंडाचा पट्टा सुरू. किटल्यांशी ती बोलायची हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. "नऊ नंबर आज कुरकुरतेय," असं ती जेवणाच्या सुट्टीत सांगायची तेव्हा बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. पण चार दिवसांत नऊ नंबर खरंच जायची. मग ताई तिची वायर काढायची, क्षणभर हात ठेवायची, "गेली बिचारी" म्हणायची आणि वही उघडायची.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना मोठे साहेब एका बाईंना घेऊन तिच्या खोलीत आले. कारखान्याला एक मोठा खरेदीदार मिळणार होता, पण त्याची एक अट होती. किटली नुसती चांगली असून भागणार नव्हतं. ती जमिनीतून निघाल्यापासून पुन्हा जमिनीत जाईपर्यंत हवेचं, पाण्याचं, मातीचं काय काय घेते आणि काय काय बिघडवते, ते सगळं मोजून कागदावर हवं होतं. ते मोजायला या मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, गळ्यात चष्मा, आणि पिशवीत एक छोटा तराजू. मॅडमना मोकळी भिंत हवी होती आणि अख्ख्या कारखान्यात मोकळी भिंत फक्त ताईच्या खोलीत होती.

"बसू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

"बसू दे की," ताई म्हणाली. "पायपुसण्यावर पाय पुसून आल्या म्हणजे झालं."

पहिल्याच दिवशी मॅडमनी एक नवीकोरी किटली उघडली. पांढऱ्या कापडावर तिचा एकेक तुकडा मांडला, तोलला, लिहिला. ताईनं आजवर अडीचशेच्या वर किटल्या मारल्या होत्या, पण त्या मेल्यावर काय बिघडलं तेवढंच बघून तिनं झाकण लावलं होतं. आज ती फडकं खांद्यावरच विसरून उभी राहिली. त्रेचाळीस तुकडे निघाले. शेवटी मॅडमनी चिमट्यानं खटक्यातली एक टिकली उचलली. टाचणीच्या डोक्याएवढी.

"ही चांदी आहे," मॅडम म्हणाल्या.

"चांदी? किटलीत?"

"खटका पडतो ना, तिथे ठिणगी उडते. साधा धातू लवकर जळतो. म्हणून चांदी."

ताईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाकून बघितलं. एकतीस वर्षं ती त्या चांदीचा खटका ऐकत आली होती. दिवसाला चारशे ऐंशी वेळा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

मग भिंतीवर कागद चढू लागला. मधोमध मॅडमनी किटली काढली. डाव्या बाजूला तिचा जन्म, उजव्या बाजूला मरण. पत्र्यापासून रेघ निघाली ती पोलादाच्या भट्टीला गेली, भट्टीतून खाणीला. मूठ प्लास्टिकची, तिची रेघ खनिज तेलाच्या विहिरीपर्यंत. वायरीतल्या तांब्याची रेघ समुद्र ओलांडून दुसऱ्याच डोंगराला. खोक्याच्या पुठ्ठ्यामागे झाडं उभी राहिली, रंगाच्या डब्यामागे आणखी एक कारखाना, आणि सगळ्यांच्या मधे जहाजं, ट्रक, पुन्हा ट्रक. उजवीकडे घर, घराला वीज, विजेमागे कोळसा, आणि अगदी टोकाला भंगारवाला, भट्टी आणि कचऱ्याचा ढीग. चौथ्या आठवड्यात कागद खिडकीला वळसा घालून दारापर्यंत आला.

रोज सकाळी आल्या आल्या ताई आधी किटल्या सुरू करायची आणि मग भिंतीसमोर उभी राहायची. काल रात्रीपर्यंत नसलेला एखादा डोंगर आज तिथे असायचा.

"मॅडम, या एवढ्याशा जिवाला एवढा गोतावळा?"

"अजून निम्मासुद्धा आलेला नाही, ताई."

"आणि या वायरीत तांबं ते किती? ओंजळीत मावेल."

"तेवढ्यासाठी दहा-पंधरा किलो दगड फोडलेला असतो."

ताईनं वायर हातात घेतली. अडीचशे वायरी तिनं गुंडाळून भंगारात टाकल्या होत्या. त्या रात्री जेवताना ती यजमानांना म्हणाली, "अहो, आपण साधं पाणी तापवतो ना, तेव्हा एक डोंगर बसलेला असतो ओट्यावर." यजमान म्हणाले, "मग मीठ वाढ त्याला." पण ती हसली नाही. ती खरंच भारावून गेली होती. तिची सगळी उमर बारा किटल्या आणि एका ओट्यापुरती झाली, असं तिला वाटायचं. आता कळत होतं की त्या ओट्याला जग येऊन टेकलेलं आहे.

एके दिवशी तिनं विचारलं, "एवढं सगळं मोजून शेवटी करता काय याचं?"

"भागते," मॅडम म्हणाल्या. "विजेचं वेगळं आहे. पाणी उकळायला लागते तेवढी वीज लागणारच. पण हे बाकीचं, खाणी, भट्ट्या, जहाजं, कचरा, हे किटली किती वर्षं चालते त्यानं भागायचं. बारा वर्षं चालली तर दर वर्षाच्या वाट्याला बारावा भाग. म्हणजे हे सगळं ज्यानं भागायचं, तो आकडा तुमचा आहे."

मॅडमनी भिंतीच्या तळाशी एक लांब आडवी रेघ मारली, आणि रेघेखाली लिहिलं, बारा.

सगळे डोंगर, सगळी जहाजं त्या एका आकड्यावर रचलेली, आणि त्या आकड्याखाली तिची सही. तिनं ताबडतोब वह्या काढून पुन्हा तपासल्या. एकतीस वर्षांच्या वह्या. कुठेही चूक नव्हती.

मॅडमनी तिला चाचणीचे नियम विचारले. भिंतीवर चौकटीत लावलेला कागद होताच. पाणी भरावं, उकळावं, ओतावं, आकडा नोंदवावा. "याशिवाय आणखी काही करता?" मॅडमनी विचारलं. ताईनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि म्हणाली, "नाही. एवढंच काम."

पुढच्या आठवड्यात मॅडम भंगाराच्या गोदामात गेल्या आणि येताना रिक्षातून एक पोतं घेऊन आल्या. पोत्यात याच कारखान्याच्या मेलेल्या किटल्या होत्या, साठ. प्रत्येकीच्या बुडाला महिना आणि साल कोरलेलं असतं. घरात कधी आली आणि भंगारात कधी पडली, याचा त्यांनी हिशेब मांडला. सरासरी चार वर्षं.

"चार?" साहेब म्हणाले. "भंगारवाला फुटक्याच आणून देणार. मुद्दाम वाईट वेचलेल्या असतील. एकतीस वर्षांची चाचणी खरी की हे पोतं?"

मॅडम विचारात पडल्या. त्यांनी एक आख्खा दिवस ताईच्या खोलीत बसून चाचणी बघितली, पहिल्या नळीपासून पाचच्या भोंग्यापर्यंत. पाणी तेच, वीज तीच, किटली तीच. काही केल्या फरक सापडेना. भोंगा झाला, मॅडमनी पिशवी उचलली. "साहेब म्हणतात तसंच असेल," त्या म्हणाल्या. "पोतं बाजूला ठेवू. बाराच धरू." आणि गेल्या.

ताई एकटी राहिली. रोजच्यासारखं तिनं फडकं भिजवलं, पहिली किटली ओट्यावरून उतरवली, आतून पुसली, दुसरी उतरवली. हात आपोआप चालले होते. तिसरी पुसताना तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. सहज म्हणून तिनं त्यातली एक उचलली आणि झाकण उघडलं.

आत पांढरा थर होता. खडूसारखा, बोटाच्या पेराएवढा जाड. तळाशी काळा पडून भाजलेला. तिनं दुसरी उघडली. तसाच. दहावी उघडली, विसावी उघडली. सगळ्यांच्या पोटात तोच पांढरा दगड, आणि दगडाखाली तापून तापून फाटलेला तळ.

तिनं आपल्या हातातल्या किटलीत बघितलं. तळ आरशासारखा.

रोज पाचच्या भोंग्यानंतर ती बाराही किटल्या पुसायची. दर शनिवारी कँटीनमधली पिळून टाकलेली लिंबं आणून बाराहींमध्ये एकेक उकळी काढायची. एकतीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं, आणि त्याचा पगारही नव्हता. भांडी खरकटी ठेवून घरी जायचं नसतं, एवढंच. मॅडमनी कामाबद्दल विचारलं तेव्हा तिला हे आठवलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते काम नव्हतंच.

बारा वर्षं चालत होती ती कारखान्याची किटली नव्हतीच. ती तिच्या हाताखालची किटली होती. लोकांच्या घरात कोण पुसतं रोज? आणि खोक्यांवर बारा छापलेलं. लाखो खोकी. खाली तिची सही.

दोन दिवस तिनं कुणालाच सांगितलं नाही. नाही सांगितलं असतं तर काही बिघडणार नव्हतं; पोतं बाजूला पडलं होतं, साहेब खूश होते, मॅडमनी बारा धरले होते, आणि तिला सात महिन्यांनी हार घालून निरोप मिळणार होता. सांगितलं असतं तर एकतीस वर्षांच्या वह्या एका वाक्यात पुसल्या जाणार होत्या. रविवारी सकाळी यजमान गुडघ्याला तेल चोळत बसले होते, त्यांच्यासमोर तिनं सगळं ओकलं.

त्यांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "लिफ्टच्या दोराचं असंच असतं. मी तपासून सही करायचो. एकदा मला शंका होती आणि मी सही केली. काही झालं नाही. पण त्या इमारतीवरून मी पुन्हा गेलो नाही कधी, लांबून वळसा घालायचो." एवढं बोलून ते पुन्हा तेल चोळायला लागले.

सोमवारी ताईनं साहेबांना आणि मॅडमना खोलीत बोलावलं आणि फडकं दाखवून सांगितलं.

साहेबांचा पारा चढला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला पुसायला? नियम स्वच्छ लिहिलाय!"

"वहीत मीच स्वच्छ लिहिलं नाही, असं म्हणा," ताई म्हणाली. "माझा आकडा चुकलाय, साहेब. काढून टाका तो."

"एकतीस वर्षं? आता? बाजारात सगळे दहा-बारा छापतात आणि मी चार छापू?"

मॅडम पोत्यातल्या एका किटलीचा तळ नखानं खरवडत होत्या. मग त्यांनी विचारलं, "रोज पुसता म्हणजे चाळीस उकळ्यांनी एकदा?"

"हो."

"म्हणजे घरच्या हिशेबानं दहा दिवसांतून एकदा. आणि लिंबू आठवड्याला, म्हणजे घरच्या दोन महिन्यांनी एकदा." त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "ताई, तुमच्या वह्या चुकीच्या नाहीत. अर्ध्या आहेत. उरलेला अर्धा भाग करायला किती दिवस लागतील?"

ताईनं मनातल्या मनात भागाकार केला. चार वर्षं म्हणजे दीडशेएक दिवस. सहा महिने. निवृत्तीच्या आत बसत होतं.

बारा नव्या किटल्या मांडल्या. डावीकडच्या सहा नेहमीसारख्या पुसायच्या. उजवीकडच्या सहांना हात लावायचा नाही.

हे सहा महिने ताईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. भोंगा झाला की ती डावीकडच्या सहा पुसायची आणि उजवीकडे पाठ करून पर्स उचलायची. पहिल्या आठवड्यात दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. एकदा तर फडकं भिजवून सात नंबरच्या तोंडाशी नेलंही होतं, पण मॅडमनी तिथे चिठ्ठी चिकटवली होती, 'ताई, नको'. घरी तिनं भांडी दोन-दोनदा घासायला सुरुवात केली. यजमान म्हणाले, "भांड्यांची कल्हई उडाली की मग मला घासायला घेशील का?"

उजव्या सहांच्या पोटात पांढरं धरत गेलं. मॅडम दर पंधरा दिवसांनी येऊन थराची जाडी मोजायच्या. ताई त्यांच्या खांद्यावरून बघायची. डोळ्याला न दिसणारी एक गोष्ट, पाण्यात विरघळलेला दगड, थेंबाथेंबानं पुन्हा दगड होत होता. वायरीतलं तांबं मिळवायला माणसं डोंगर फोडत होती आणि इथे किटलीत, कुणी न बघता, एक डोंगर साचत होता. ताईला भीतीही वाटायची आणि बघत राहावंसंही वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी साहेब स्वतः जिन्याखालून वाकून आत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दार लावून घेत ते हळूच म्हणाले, "आमच्या घरची आहे. तीन वर्षं झाली. हिचं काही होईल का?"

ताईनं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, तुमच्या घरी?"

"मी कधी आत बघितलंच नव्हतं," साहेब म्हणाले. किटल्या बनवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती.

शनिवार होता. कँटीनमधून लिंबं आली. तीन उकळ्या झाल्या आणि थर कवचासारखा सुटून वर आला. साहेब एखाद्या जादूगारासमोर बसल्यासारखे आ वासून बघत होते. तळ लखलखीत झाला तसं त्यांनी त्यात बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ बोटाकडे पाहत राहिले. छापायचं काय, याबद्दल त्या दिवसानंतर त्यांनी वाद घातला नाही.

सहाव्या महिन्यात उजव्या सहा एकामागून एक गेल्या. पहिली पाच हजार सहाशेला, शेवटची सहा हजार शंभरला. चार वर्षांच्या अलीकडे-पलीकडे. सहाव्या वेळी ताई "गेली बिचारी" म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ती वाचवता आली असती. डाव्या सहा मात्र खटके पाडत खुशाल चालल्या होत्या.

ताईच्या शेवटच्या आठवड्यात मॅडम पूर्ण कागद घेऊन आल्या. आता दोन रकाने होते. न पुसलेली किटली, चार वर्षं. पुसलेली किटली, बारा वर्षं. पुरावा, एकतीस वर्षांच्या वह्या. खोक्यावरही हेच दोन्ही आकडे जाणार होते, आणि खाली पुसायचं कसं ते. पुसलेल्या रकान्यात मॅडम शेवटच्या ओळी भरत होत्या. वरचं पाणी, दोन पेले. जास्तीची वीज, दोन महिन्यांतून एक उकळी. लिंबू पिळून टाकलेलं, म्हणजे कचराच. त्याचं वजन धरायचं नाही. फडकं, जुनं.

ताई शेजारी उभी राहून वाचत होती. "आणि हात?" तिनं विचारलं.

"कुणाचे?"

"पुसणाऱ्याचे. दहा दिवसांनी दोन मिनिटं लागतात की."

मॅडमची पेन्सिल थांबली. "त्याला आमच्यात ओळ नाही, ताई. जमिनीतून काय काढलं आणि हवेत, पाण्यात, मातीत काय सोडलं, तेवढंच आम्ही मोजतो. माणसाचे हात त्यात येत नाहीत. लिहायचेच म्हटले तर..." त्या अडखळल्या. "शून्य लिहावं लागेल."

ताईचा चेहरा उतरला. तिला ते लागलं, आणि लागलेलं तिनं लपवलं नाही. "एकतीस वर्षांचं शून्य," ती म्हणाली.

ताई भिंतीकडे वळली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडकीला वळसा घालून दारापर्यंत, प्रत्येक चित्राखाली एक आकडा होता. पोलादाखाली होता, तेलाखाली होता, पुठ्ठ्याच्या झाडांखाली होता, त्या टिकलीएवढ्या चांदीखालीसुद्धा होता. काही ना काही घेतल्याशिवाय काहीच झालेलं नव्हतं. तिनं बोट ठेवत ठेवत सगळी भिंत वाचून काढली. शून्य कुठेच नव्हतं.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे एवढ्या सगळ्यात कुणाचं काही न घेता वर्षं देणारं हे एकच का?"

मॅडम उठून तिच्याजवळ आल्या आणि त्यांनीही भिंत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. "हो," त्या म्हणाल्या. मग रकान्यात सर्वांत खाली त्यांनी एक नवी ओळ आखली, 'हात' असं लिहिलं आणि पुढे शून्य काढलं.

"बारा वर्षांत न पुसणाऱ्या घराला तीन किटल्या लागतात," त्या म्हणाल्या, "पुसणाऱ्याला एक. दोन लागतच नाहीत. या कारखान्यातून वर्षाला दोन लाख घरांत किटली जाते. सगळ्यांनी पुसली तर नुसत्या तांब्याचाच दगड..." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला, पुन्हा एकदा केला आणि चष्मा वर सरकवला. "सहाशे ट्रक."

"सहाशे ट्रक दगड?"

"फोडायचाच नाही. आहे तिथे राहील."

ताईनं सहाशे ट्रक डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. कारखान्याच्या फाटकापासून तिच्या घरापर्यंत रांग लागली असती, घरावरून पुढे गेली असती, आणि त्यातला एकही ट्रक कधी निघणार नव्हता. कुणाला दिसणार नव्हतं, कुठल्या वहीत लिहिलं जाणार नव्हतं. कुठेतरी, तिनं कधी न पाहिलेल्या मुलखात, एक डोंगर जसाच्या तसा उभा राहणार होता.

"त्याच्यावर गवत असेल, नाही?" तिनं विचारलं.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "ते मला मोजता येत नाही."

मग त्यांनी कागद पुढे केला. ताईनं आधी चारखाली सही केली, मग बाराखाली. पेन परत दिलं, आणि भोंगा होऊन गेला तरी ती त्या भिंतीसमोरून हलली नाही.